रोज एक वीत

लोक कुणाला कशावरून काय नाव ठेवतील याचा काही नेम नाही. ह्या माणसाला सगळी गल्ली थाऊकाका म्हणायची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवर लोखंड कातणाऱ्या टर्नर लोकांचं ते रोजचं माप. डोक्यावरचा केस मोजलात तर तो दोन-तीन थाऊ भरेल. तर ह्या गृहस्थानं तरुणपणी एकदा अर्ध्या थाऊसाठी पेटीभर तयार पिना नापास केल्या. फोरमन म्हणाला, "अरे, अर्धा थाऊ! देवाच्या बापालासुद्धा कळणार नाही." हा म्हणाला, "मला कळतंय ना!" झालं. नाव चिकटलं ते चिकटलं.

मापाचं हे वेड त्याला आईच्या दुधातून मिळालं म्हणावं, तर आई तो चार वर्षांचा असतानाच गेली. मिळालं ते बहिणीकडून. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिनंच त्याला वाढवलं, आणि त्याचे सदरे बेतताना ती कापडावर आपल्या हातानं विती टाकायची. टेप नाही, पट्टी नाही. अंगठा टेकला, करंगळी टेकली, पुढे सरकली. हा शेजारी बसून बघायचा. पुढे कारखान्यात लागल्यावर पहिल्या दिवशी त्यानं काय केलं असेल? ताईची वीत पट्टीवर मोजली. पावणेआठ इंच. स्वतःची मोजली, ती नऊ.

ताई रंगारीण होती. निळीची. घराच्या मागच्या खोलीत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मोठा रांजण, त्यात नीळ, चुना, कोंडा आणि विहिरीचं पाणी. झाकण घट्ट. आत ते मिश्रण आंबत राहायचं, आणि ताई त्याच्याशी तान्ह्या बाळासारखी वागायची. आज गार पडलंय, आज भूक लागलीय, आज रुसलंय. कापड त्यात बुडवून वर काढलं की पिवळट हिरवं दिसायचं. मग वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जायचं. पन्नास वर्षं ती हा खेळ करत होती, आणि पन्नास वर्षं दर वेळी तिच्या तोंडून "अगंबाई!" निघायचं. विचारलं तर म्हणायची, "माझ्या हातात काही नाही रे, सगळी करामत विहिरीच्या पाण्याची."

आता दुखणं कुठं झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

गल्लीच्या वरच्या टोकाला नळाच्या तोट्या बनवणारा कारखाना होता. थाऊकाका तिथं एकतीस वर्षं. कातलेल्या तोट्यांना तेल लागलेलं असे. ते काढायला एक पातळ, गोडसर वासाचं औषध टाकीत भरलेलं असे. त्याचं खरं नाव पिंपावर छापलेलं होतं, पण ते उच्चारताना जिभेला गाठ बसायची. कामगार त्याला 'उडतं' म्हणत. तळहातावर थेंब घ्या, गार लागे, आणि पापणी लवते न लवते तोच गायब. हात कोरडा. दर शनिवारी जुनं काळं झालेलं उडतं काढायचं, नवं भरायचं. बाकीचे लोक जुनं सरळ गटारात ओतून मोकळे. थाऊकाकाला हे पटेना. गटार ओढ्याला मिळतं, ओढ्यात मासे आहेत, पोरं डुंबतात. जरा तरी लाज नको? म्हणून त्यानं स्वतःची शिस्त घातली. बादली उचलायची आणि मागच्या भिंतीशी राखेच्या ढिगावर ओतायची. हातावरून उडतं, तर राखेवरून का नाही उडणार? पहिल्या सोमवारी त्यानं जाऊन तपासलंसुद्धा. राख ठणठणीत कोरडी. झालं त्याचं समाधान. पुढे अठरा वर्षं दर शनिवारी हा शहाणा माणूस बादली उचलत राहिला.

ते उडालं नव्हतं हो. वरचं थोडं उडालं, बाकीचं खाली गेलं. ते पाण्यापेक्षाही जड. मातीतून खाली, पाण्यातून खाली, आणि मग जमिनीतल्या पाण्याबरोबर उताराच्या दिशेनं, गुपचूप. उतारावर ताईची विहीर. ज्या माणसानं जन्मभर सगळं मोजलं, त्यानं खाली किती मुरलं तेवढंच मोजलं नाही.

कारखाना बंद पडला. त्यानंतर सहा वर्षांनी सरकारी लोक बाटल्या घेऊन आले, विहिरीचं पाणी घेऊन गेले, आणि कागद आला की हे पाणी पिऊ नये, वापरू नये, विहीर बंद करावी. कुणाचं काय बिघडलं, कुणाचं पुढे काय बिघडणार होतं, ते कुणी मोजलेलं नाही. झाकण कोण करणार? थाऊकाकाच. त्यानं लोखंडी पत्र्याचं असं झाकण केलं की मुंगी शिरणार नाही. आठ बोल्ट. शेवटचा बोल्ट आवळताना ताई दारात उभी होती. तिनं नळाच्या पाण्यावर तीन वेळा रांजण लावून पाहिला. तिन्ही वेळा कापडावर डागच डाग. तिसऱ्या वेळी तिनं रांजण उपसला, जमिनीतून काढवला आणि उपडा घातला.

त्यानंतर चार वर्षं रोज सकाळी थाऊकाका ताईकडे चहाला जायचा आणि रोज ती चहा ओतताना म्हणायची, "ज्या मेल्यानं माझ्या विहिरीत विष कालवलं ना, त्याचे हात झडोत!" आणि लगेच, "साखर बरोबर आहे ना रे?" हा मान हलवायचा आणि कपाभोवतीच्या आपल्या हातांकडे बघायचा. त्याला पोलिसांची भीती नव्हती, कोर्टाची नव्हती. अख्ख्या जगात त्याला एकाच माणसाची भीती होती आणि ते माणूस त्याला चहा देत होतं.

अशात पाण्याची बाई आली.

हे नाव गल्लीनं दिलं. बाई चाळिशीची, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, कानावर पेन्सिल, आणि बोलता बोलता खाली बसून माती चिमटीत घ्यायची सवय. कुठल्याशा संस्थेतून आली होती, जमिनीतलं पाणी साफ करायला. लोकांना वाटलं मोठमोठी यंत्रं येतील, भोंगे वाजतील. आले काय, तर भुशाचे ट्रक! लाकडाच्या ढलप्या, झाडांच्या साली, सुतारांचा भुसा, वाळू. गल्ली हसून हसून लोळली. न्हावी म्हणाला, "बाईंना चूल पेटवायचीय वाटतं!"

थाऊकाका मात्र हसला नाही. तो कारखान्याच्या मोडक्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याची नजर पडली ती शेवटच्या ट्रकवर. त्यात लोखंडाचा कीस होता. मूठभर हातात घेऊन त्यानं वास घेतला, शेजारच्या बादलीत बुडवला. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला.

"बाई, हे कुणी दिलं तुम्हाला?"

"का हो काका?"

"स्टील आहे हे. कातताना ह्याच्यावर तेल सोडतात. तेलात न्हालेलं लोखंड पुरून तुम्ही जमीन धुणार? राग मानू नका, पण आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असं झालं हे."

बाईनं राग मानला नाही. पेन्सिल काढली. "मग काय हवं?"

"बीड. ओतीव लोखंड. ते कोरडंच कातायचं, तेलाचा थेंब लागत नाही त्याला. काळा भुगा पडतो. हात काळे होतात, पण स्वच्छ काळे."

बाईनं ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "काका, उद्यापासून तुम्ही इथं." पुढचा दीड महिना तो अकरा वर्कशॉपांतून बिडाचा चुरा गोळा करत होता. प्रत्येक पोतं स्वतः बादलीत तपासून घ्यायचा.

कारखान्याच्या जागेच्या खालच्या बाजूला, उताराला आडवा असा चर खणला. तीन पुरुष खोल, नव्वद पावलं लांब. त्यात भुसा, ढलप्या, वाळू आणि बिडाचा चुरा कालवून भरला आणि वरून माती लोटली. झालं! वरून बघाल तर काहीच नाही. ओसाड जागा, त्यावर चार-पाच नळ्यांची तोंडं.

"ही भिंत आहे," बाई म्हणाली. "पण पाण्याला न अडवणारी. पाणी हिच्यातून जाईल, विष जाणार नाही."

"का नाही जाणार?"

मग बाईनं जमिनीवर बसून त्याला समजावलं. उडत्याच्या एकेका कणाला क्लोरीनचे तीन काटे असतात. ते उपटले की उरतं ते निरुपद्रवी. बीड गंजता गंजता थोडे काटे उपटतं. पण खरं काम करणारे वेगळेच. लाकूड कुजायला लागलं की खालची सगळी हवा संपते, आणि त्या अंधारात, हवेशिवाय जगणारे जीव वाढतात. आपण जसा श्वास घेतो तसं ते हे विष घेतात. आपल्याला मारणारं, त्यांचा श्वास.

"केवढे असतात?"

बाईला आता माणूस कळला होता. ती म्हणाली, "तुमच्या एका थाऊत पन्नास शेजारी शेजारी बसतील."

थाऊकाका उठून चराच्या कडेला गेला. ज्या अर्ध्या थाऊसाठी त्यानं फोरमनशी भांडण घेतलं होतं, त्यात पंचवीस जीव मावत होते, आणि ते पायाखाली बसून त्यानं केलेली घाण निस्तरणार होते. कुणी सांगितलं नाही, कुणी पगार दिला नाही. सुताराच्या दुकानातला केर त्यांना घर, आणि जगानं टाकलेलं विष त्यांना वारा. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दिवशी घरी जाताना तो त्या जागेवरून चालला नाही, कडेनं गेला. पाय कसा ठेवायचा?

पण हाती घेतलेलं काम सुरळीत झालं तर ते काम कसलं! आठ महिन्यांनी नळ्यांतलं पाणी तपासलं तर तीन काट्यांचं विष कमी झालेलं, दोन काट्यांचंही, आणि सगळं येऊन थांबलेलं एका काट्यावर. हे एका काट्याचं तर मूळच्याहून वाईट. आगीतून फुफाट्यात! बाईचा चेहरा उतरला. थाऊकाका तिला ताईकडे चहाला घेऊन आला. जग बुडालं तरी ताईचा चहा चुकवायचा नाही, हा त्याचा नियम.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. ती कधी शाळेची पायरी चढली नव्हती, पण रांजणाजवळ पन्नास वर्षं काढलेली बाई. म्हणाली, "हवा लागली का आत?"

"नाही, मावशी."

"खायला आहे त्यांना?"

"भरपूर."

"मग विरजण चुकलंय. शेवटचं काम करणारे त्यात नाहीतच. ज्या रांजणात काम चालू आहे त्यातलं वाडगाभर आणून घालावं लागतं. नुसता कोंडा ओतून काय उपयोग?"

बाईनं कप खाली ठेवला. "मावशी, नेमकं हेच मी रात्रंदिवस शोधतेय. ते जीव दर ठिकाणी नसतात. जिथं हे विष आणि खरकटं, कुजकं असं दोन्ही वर्षानुवर्षं एकत्र मुरलंय, तिथं सापडण्याची शक्यता. मी चाळीस भोकं पाडली. सगळीकडे नंतर ओतलेलं काँक्रीट, कुठं काय होतं त्याचा एक कागद नाही. कुठं ओततात ते ओतणाऱ्यालाच माहीत."

"ओतणारा मेला असेल तर बरं," ताई म्हणाली. "नसेल तर त्याचे हात झडोत." मग भावाकडे वळून, "काय रे, एकतीस वर्षं होतास तिथं. तुला ठाऊक नाही कोण ओतायचं?"

थाऊकाकाच्या कपातला चहा निवत होता. त्याला वाटलं, आता नाही म्हणावं. चार वर्षं नाही म्हटलंच की न बोलता. पण मग त्याला कारखान्याची मागची भिंत दिसली. राखेचा ढीग दिसला. ढिगाशेजारून वाहणारी कँटीनची मोरी दिसली. खरकटं, भांड्यांचं पाणी, चहाचा चोथा, सगळं त्याच राखेत जिरायचं. दोन्ही एकत्र. अठरा वर्षं. आणि ते ठिकाण ह्या जगात आता फक्त त्याला माहीत होतं.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?"

"मीच ओतायचो, ताई. दर शनिवारी. मला वाटायचं उडून जातं."

त्यानं सगळं सांगितलं. गटार, मासे, सोमवारची कोरडी राख. स्वतःची बाजू सावरायला नाही. माप सांगतात तसं सांगितलं. ताई ऐकत होती. मग तिनं त्याच्या पुढ्यातला कप उचलला, अर्धा भरलेला, मोरीत ओतला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या रिकाम्या जागेत थाऊकाका आपल्या लेथच्या पायाशी उभा राहिला. लेथ कधीच गेलं होतं, काँक्रीटमधले चार गंजके बोल्ट तेवढे उरलेले. तिथून सतरा पावलं मागे, चार डावीकडे. "इथं," तो म्हणाला. काँक्रीट फोडलं, खाली राख, राखेखाली काळाकुट्ट चिखल, वास असा की नाकातले केस जळावेत. बाईचे डोळे मात्र चमकले.

चिखल न्यायला बरण्या हव्या होत्या. फाटकापाशी जाऊन बघतात तो ताईच्या निळीच्या दोन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या, घासूनपुसून ठेवलेल्या. शेजारी ताई. तिनं भावाकडे पाहिलं नाही. बाईला म्हणाली, "काठोकाठ भरा. वर बोटभरही हवा राहता कामा नये. आणि त्या माणसाला सांगा, झाकण त्यानं लावू नये. त्याला झाकणं लावायची फार हौस."

त्या दिवसापासून तो 'तो माणूस' झाला. सकाळचा चहा बंद. समोर आला तरी ती बाईशी बोलायची, मांजराशी बोलायची, भिंतीशी बोलायची. "काही माणसांना वाटेत उभं राहायची सवय असते," हे भिंतीला. थाऊकाका बाजूला व्हायचा. तोंड वर करून बोलायला जागा कुठं होती?

बाईनं तो चिखल प्रयोगशाळेत महिनाभर पोसला, वाढवला आणि नळ्यांतून भिंतीत सोडला. दोन महिने काही नाही. तिसऱ्या महिन्यात एका काट्याचं विष निम्म्यावर. पाचव्यात जवळजवळ शून्य. अठरा वर्षं त्याच्या बादलीखाली बसून जे जीव ते विष पचवायला शिकले, तेच आता भिंतीत बसून त्याचा शेवटचा काटा उपटत होते. त्याची चूक आणि तिचा उतारा, दोन्ही एकाच ढिगाखाली मुरत पडलेले! हे ऐकून थाऊकाका नळीपाशी उकिडवा बसला आणि नळीच्या तोंडाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. काय ऐकू येणार? काही नाही. पण त्यानं हात जोडले.

"मग विहीर कधी उघडायची?" त्यानं विचारलं.

"भिंतीपलीकडे आता स्वच्छ पाणी निघालंय, काका. पण ते जमिनीतून चालतं. इथं साधारण दिवसाला वीतभर. विष तर त्याच्याही मागं रेंगाळतं."

"वीतभर," थाऊकाका म्हणाला. "कुणाची?"

बाई हसली. "तुमची धरा."

त्यानं त्याच संध्याकाळी भिंतीपासून विहिरीपर्यंत मोजलं. आठशे चौदा विती. मग ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन पितळेची एक सोंगटी कातली, अंगठ्याएवढी, बुडाला सपाट, चकचकीत. दुसऱ्या सकाळी भिंतीच्या कडेला सोंगटी ठेवली, खडूचा ठिपका दिला. तिसऱ्या सकाळी वाकून वीत टाकली, सोंगटी पुढे सरकवली, ठिपका दिला. असं रोज. पाऊस असो, थंडी असो.

आधी गल्लीनं टिंगल केली. म्हातारा चळला म्हणाली. मग हळूहळू त्याची सवय झाली, आणि मग गंमत अशी की सगळी गल्ली त्या सोंगटीला जपू लागली. झाडूवाली तिला वळसा घालून झाडायची. सायकलवाले चाक बाजूनं घ्यायचे. पोस्टमन विचारायचा, "काय काका, पाणी कुठवर आलं?"

"न्हाव्याच्या पायरीला."

न्हावी दुकानातून ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या! आत येऊन बसायला सांगा, नंबर लावतो!"

आणि लोक खरंच थांबून खाली बघायचे. रस्ता तोच, फरशी तीच. पण खाली काहीतरी चाललंय, कुणालाही न दिसणारं, घाई नसलेलं, न थांबणारं, हे एकदा मनात शिरलं की माणूस पाय जरा हलकाच टाकतो. थाऊकाकाला तर कधी कधी वाटायचं, हे पाणी आपल्याला बरोबर घेऊन चाललंय. आपण ज्या वाटेनं विष पाठवलं, त्याच वाटेनं.

ताईच्या खिडकीतून गल्ली दिसायची. ती बघते की नाही हे कळायला मार्ग नव्हता. खिडकीचा पडदा मात्र रोज त्या वेळी थोडा बाजूला असायचा.

पाचशेएकसष्टाव्या दिवसानंतर थाऊकाका तापानं आडवा झाला. साधासुधा ताप नव्हे, छातीत कफ, डोळ्यांपुढे अंधारी. नऊ दिवस दवाखान्यात. त्या तापातही त्याच्या तोंडी एकच, "सोंगटी थांबली. पाणी पुढे गेलं, सोंगटी थांबली." दहाव्या दिवशी काठी टेकत तो गल्लीत आला. वर्षभरापूर्वीच्या ठिपक्यांवरून पावसानं हात फिरवला होता, पण अलीकडचे दिसत होते. सोंगटी जिथं सोडली होती तिथं नव्हती.

ती पुढे होती. आणि मध्ये नऊ ठिपके.

कुणी केलं असेल? न्हाव्यानं? पोस्टमननं? थाऊकाका खाली बसला आणि सवयीनं वीत टाकली. ठिपका त्याच्या वितीच्या आतच पडला. दुसरा मोजला, तोही आत. तिसराही. प्रत्येक ठिकाणी सव्वा इंच कमी. त्यानं खिशातून पट्टी काढली.

पावणेआठ. पावणेआठ. पावणेआठ.

एकोणऐंशी वर्षांची बाई. दोन्ही गुडघे गेलेले, बसली की उठायला भिंत लागायची. ती नऊ दिवस रोज सकाळी भर गल्लीत खाली बसून अंगठा टेकत होती, करंगळी टेकत होती. थाऊकाका तिथंच रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडला. न्हावी धावत आला. "काका, काय झालं? चूक झाली का मापात?"

"नाही रे," तो म्हणाला. "बरोबर आहे."

खिडकीचा पडदा त्या दिवशी पूर्ण लावलेला होता.

सोंगटी ताईच्या फाटकातून आत शिरली आणि ठरल्या दिवसाहून दोन दिवस उशिरा विहिरीला टेकली. लोकांना वाटलं, आता टाळ्या! पण बाईनं आधीच सांगितलं होतं, विष मागं रेंगाळतं. सोंगटी सात महिने झाकणावर बसून राहिली. दर महिन्याला बाई विहिरीशेजारी पुरलेल्या नळीतून पाणी न्यायची आणि कागद आणायची. मग एक कागद स्वच्छ आला. दुसरा आला. तिसरा आल्यावर बाई फाटकातूनच ओरडली आणि बुटांसकट ताईच्या गळ्यात पडली.

आठ बोल्ट थाऊकाकानं काढले. त्याच्याच हातचे, त्यामुळे कुरकुर न करता निघाले. झाकण बाजूला झालं. खाली अंधारात गोल आकाश हललं. ताईनं वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. पहिली बादली तिनंच ओढली. गल्लीतले सगळे आले होते. न्हावीसुद्धा, दुकान बंद करून.

ताईनं रांजण सुलटा करवून पुन्हा जमिनीत बसवून घेतला. तीन आठवडे त्याला जपलं, झोपवलं, खाऊ घातलं. मग एका सकाळी बाई थाऊकाकाकडे निरोप घेऊन आली. "मावशींनी सांगितलंय, त्या माणसाला म्हणावं, कारखान्यातला तुझा जुना एप्रन असेल तर घेऊन ये."

तो होता. धुऊन धुऊन विटलेला, छातीवर डागांचा नकाशा. थाऊकाका तो घेऊन गेला आणि रांजणाच्या खोलीत दाराशी उभा राहिला. ताईनं न बघता हात पुढे केला, एप्रन घेतला, विहिरीच्या पाण्यात भिजवून पिळला आणि झाकण सारून रांजणात सोडला. मग म्हणाली, "धर तिकडचं टोक. कोपरापर्यंत हात घाल, जोर नाहीये आता माझ्यात." हे ती कुणाला म्हणाली? खोलीत भिंत होती, मांजर होतं. पण टोक मांजराला धरता येत नाही. थाऊकाकानं हात घातले.

दोघांनी मिळून एप्रन वर काढला. पिवळट हिरवा. वारा लागला. कडेपासून निळा सुरू झाला, आत सरकला, डागांवरून गेला, आणि सगळं कापड ताईच्या जुन्या निळ्यासारखं निळं झालं, सलग, एकही ठिपका नाही.

"अगंबाई!" ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग तिनं जवळजवळ साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा भावाकडे सरळ बघितलं.

"मी अजून रागावलेली आहे तुझ्यावर."

"हो, ताई."

"माझी वीत लहान. नऊ दिवसांत तुझी सोंगटी किती मागं पडली?"

"सव्वाअकरा इंच."

"मेल्या, मोजलंसच ना!" तिला हसू फुटलं. "मग दुसऱ्या दिवशी भरून काढलंस की नाही?"

"नाही."

"का? अर्ध्या थाऊसाठी पेट्या परत फेकणारा तू."

"तुझं माप होतं, ताई. त्याला मी कसा हात लावू?"

ताईनं एप्रनचं टोक सोडलं, त्याचे दोन्ही हात धरले आणि खिडकीच्या उजेडात नेऊन उलटेसुलटे करून बघितले. कोपरापर्यंत निळे झाले होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझी शिवी लागली नाही."

मग तिनं चहाचं आधण ठेवलं.